डबा रिकामा देऊ नये

बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दोन गोष्टी न चुकता होत. दीपमाला देवापाशी दिवा लावी आणि ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करी. दिवा तासाभरात शांत होई. मोबाईल मात्र पानं घ्यायची वेळ झाली तरी चालूच असे.

मोबाईलमध्ये पूर्वा असे. दीपमालाची एकुलती एक लेक, सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीला शिकायला गेलेली. त्या गावाचं नाव घेताना तिच्या वडिलांची, संतोषची, जीभ अशी काही अडखळे की घरात सगळ्यांनी सोयीने त्याचं 'पूर्वाचं गाव' करून टाकलं होतं. तिथे दुपारचे दोन वाजले की इथे साडेसहा. दोनला वर्ग सुटला की पूर्वा तडक खोलीवर येई आणि अंगातला कोट काढायच्या आधी फोन लावी.

सुरुवातीला त्यात वावगं काहीच नव्हतं. नवा मुलूख, हाडं गोठवणारी थंडी, ओळखीचं कुत्रंही नाही. पोरीने आईशी नाही बोलायचं तर काय भिंतीशी बोलायचं? पण दहा मिनिटांचा फोन अर्ध्या तासावर गेला, अर्ध्याचे दोन तास झाले आणि दिवाळी सरता सरता फोन ठेवायचाच नाही असा रिवाज पडला. बोलणं संपलं तरी फोन चालू. ती तिकडे अभ्यास करी, ही इकडे पोळ्या लाटी. कुकरच्या शिट्ट्या जर्मनीत मोजल्या जात. "आई, तिसरी झाली, गॅस बंद कर," असं डब्याच्या दिशेने ऐकू येई. संतोष भोसरीहून कामावरून घरी यायचा तेव्हाही हा कार्यक्रम चालूच असे. "एवढं लाखमोलाचं शिक्षण," तो बूट काढता काढता म्हणे, "आणि लेक काय करतेय, तर आपला कुकर सांभाळतेय."

दीपमालाला हसू येई. मग हळूहळू ते येईनासं झालं.

तिच्या ध्यानात आलं होतं, की आपल्याला स्वयंपाकघराबाहेर पडता येत नाही. गॅलरीतले कपडे काढायला गेलं की मागून हाक येई, "आई? कुठे गेलीस?" दारावर कोणी आलं की, "कोण आहे गं?" मोबाईल हातात घेऊन फिरावं तर पूर्वाला गरगरे. तेव्हा दीपमाला आपली ओट्यापाशी उभी. काम असलं तरी उभी, नसलं तरी उभी. पाय भरून आले तेव्हा तिने एक प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर टेकली, तर पूर्वा म्हणाली, "आई, तुझं नुसतं कपाळ दिसतंय." स्टूल परत गॅलरीत गेलं.

याआधी दीपमालाची संध्याकाळ रुकसानाभाभींच्या मालकीची होती. रुकसानाभाभी समोरच्याच दारात राहत. त्यांचे यजमान जावेदभाई यांचं शहरात कुलपं-कड्या-बिजागऱ्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. रोज संध्याकाळी दोघी मार्केट यार्डापर्यंत पायी जात, भाजी घेत, येताना सोसायटीतल्या एकेकाची यथासांग हजेरी घेत आणि जिना चढेपर्यंत दोघींचंही मन हलकं होई. भाभींची जीभ अशी तिखट, की भाजीवाला भाव सांगायच्या आधीच कमी करी. फोन सुरू झाल्यावरही त्या महिनाभर बेल वाजवत राहिल्या. दीपमाला दार अर्धं उघडून म्हणे, "आज नाही हो जमणार. पूर्वा आहे फोनवर. पोरीला माझ्याशिवाय करमत नाही." शेवटी एकदा भाभी म्हणाल्या, "दीपाताई, शिकायला लेक गेलीय का तुम्ही?" आणि त्या दिवसापासून बेल वाजायची थांबली.

डिसेंबरात लाल गाजरं आली तेव्हा मात्र भाभींनी हलवा पाठवला. स्टीलचा, झाकणाचा डबा, त्यावर 'सौ. रुकसाना जा. शेख' असं नाव कोरलेलं. हलवा दोन दिवसांत संपला. डबा राहिला. डबा रिकामा देऊ नये, ही दीपमालाच्या सासूची शिकवण, तिच्या आईचीही आणि बहुधा त्यांच्याही आयांची. आलेल्या डब्यात आपल्याकडचं काहीतरी घालून मगच तो परत करायचा. संक्रांतीला तिळाच्या वड्या करून देऊ, असं दीपमालाने ठरवलं. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी पाक चढवला आणि नेमकी तेव्हाच पूर्वा कुठल्याशा वर्गात काय झालं ते सांगत रडायला लागली. पाक बघावा का पोर? पाक करपला. संक्रांत गेली. नाव कोरलेला डबा खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिला आणि दीपमाला जिन्यात भाभी दिसल्या की मान खाली घालू लागली. आधी डबा दिला नाही म्हणून लाज, मग इतके दिवस दिला नाही म्हणून जास्त लाज. असला गुंता माणूस स्वतःच घालतो आणि स्वतःच त्यात बसतो.

पूर्वाची रड काही एका दिवसाची नव्हती. पहिल्या दिवशी तास संपला तेव्हा सगळा वर्ग बाकांवर मुठी आपटायला लागला. पूर्वाला वाटलं, आता इथे मारामारी होणार. तिने दप्तर छातीशी धरलं. मग कळलं, की तिथे शिकवणं संपलं की टाळ्यांऐवजी बाक वाजवतात. हे तिने सांगितलं तेव्हा मायलेकी पोट धरून हसल्या. पण पुढे हसण्यासारखं फारसं उरलं नाही. प्रोजेक्टसाठी गट करा म्हटलं की तिथली मुलं एकमेकांकडे नुसती बघत आणि गट झालेले असत, पूर्वा उरलेल्यांत. मास्तरांना 'सर' म्हटलं तर बाकीचे वळून बघत. तास सुटला की सगळे घोळक्याने कॉफीला जात. कोणी 'येतेस का' विचारलं तर पूर्वा म्हणे, 'घरी फोन करायचाय.' मग विचारणं थांबलं. इकडे पुण्यात हीच मुलगी गॅदरिंगला निवेदन करायची, माईक सोडवत नसे.

आणि तिकडेही एक डबा होता.

तो दीपमालाला रोज दिसे. पूर्वाच्या मागच्या फळीवर, पुस्तकांशेजारी, निळ्या झाकणाचा काचेचा डबा. तो शेजारच्या खोलीतल्या नीनोचा. नीनो जॉर्जिया नावाच्या कुठल्याशा देशातली, मोठ्या भुवयांची, मोठ्याने बोलणारी. नोव्हेंबरात तिने पूर्वाला वांग्याच्या सुरळ्या दिल्या होत्या, आत अक्रोडाचं वाटण घातलेल्या. "आई, तुझ्या भरल्या वांग्यांच्या जवळपास जाणारं काहीतरी आहे," असं पूर्वा चाटून पुसून खात म्हणाली होती. तेव्हा दीपमालानेच बजावलं, "डबा रिकामा देऊ नकोस हं. आपल्याला कोणी नावं ठेवायला नको." पूर्वाने मान डोलावली. चिवडा द्यायचा ठरला, तो तीच खाऊन बसली. लाडूंना वास आला. शिरा करायचा म्हटलं तर मजल्यावरचं स्वयंपाकघर सगळ्यांचं, तिथे गेलं की नीनो भेटणार आणि डब्याची आठवण निघणार. म्हणून पूर्वा स्वयंपाकघरात कोणी नसेल तेव्हाच चोरासारखी जाई, खिचडी लावी आणि खोलीत आणून फोनसमोर खाई.

दीपमालाला हे सगळं दिसत होतं. कळत मात्र नव्हतं, किंवा ती कळून घेत नव्हती. कारण खरं सांगायचं तर तिला तो फोन आवडत होता. पाय दुखत, जीव कोंडे, जिन्यात भाभींना तोंड दाखवता येत नसे, सगळं खरं. पण लेक हाताच्या अंतरावर होती. सासरी गेलेल्या मुलीही एवढ्या दिसत नाहीत. जानेवारीच्या शेवटी पूर्वा म्हणाली, "आई, ही परीक्षा देते आणि परत येते. नाही जमत मला इथे. बाबांना तू सांग." तेव्हा 'असं काय बोलतेस' असं दीपमाला म्हणाली खरी, पण त्याच क्षणी आत कुठेतरी एक आनंदाची उकळी फुटली. त्या उकळीची तिला भीती वाटली. रात्रभर ती कूस बदलत राहिली. संतोषला तिने सांगितलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. दिवा लागला, मोबाईल उभा राहिला. पूर्वाच्या खिडकीबाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं. दीपमाला मेथी निवडत होती. तेवढ्यात तिकडे दारावर थाप पडली. पूर्वाने घाईघाईने फोन टेबलावर आडवा ठेवला आणि दीपमालाला छत दिसायला लागलं.

लग्नाआधी दीपमालाने बालवाडीत शिकवलं होतं. इंग्रजी बोलायला ती कचरे, पण कळायचं सगळं.

"आम्ही सगळ्याजणी मिळून जेवण करतोय," नीनोचा खणखणीत आवाज आला. "चल ना."

"नाही जमणार. आईशी बोलतेय."

"रोजच?"

"ती घरी एकटी असते," पूर्वा म्हणाली. "तिला माझ्याशिवाय करमत नाही. फोन ठेवला तर वाईट वाटतं तिला."

"अरेरे, बिचारी," नीनो म्हणाली. मग जाता जाता, "आणि माझा डबा, तुझं काम झालं असेल तर..."

"हो हो, देते. उद्या नक्की."

दार लागलं. दीपमालाच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. बिचारी! कोण बिचारी? पोरीसाठी रोज तासन्‌तास उभी राहते, शेजार तोडून बसते, आणि जर्मनीत तिची ओळख काय, तर बिचारी. तिला संताप आला. संतापाच्या मागोमाग भाभींना अर्ध्या दारातून सांगितलेलं तिचं स्वतःचं वाक्य आठवलं, शब्दन्‌शब्द तेच, आणि संताप जागच्या जागी बसला. लेक तिच्या आड लपली होती आणि ती लेकीच्या.

छत हललं, पूर्वाचा चेहरा परत आला. "हं, काय म्हणत होतीस?"

"कोण होती गं?"

"कोणी नाही. नीनो. असंच."

"डबा मागत होती ना?"

पूर्वाने मान वळवून फळीकडे बघितलं. "तुला ऐकू आलं?"

"आलं. सगळंच आलं."

पूर्वाचे कान लाल झाले. लहानपणी खोटं सापडलं की व्हायचे तसेच. "आई, मी ते आपलं... टाळायला काहीतरी सांगावं लागतं ना. सॉरी."

"डबा देऊन टाक तिचा."

"रिकामा कसा देऊ? तूच म्हणालीस. आणि माझ्याकडे काही नाहीये आता, सगळं संपलंय."

"साखर आहे?"

"साखर?"

"मूठभर साखर घाल आणि दे. घरात काहीच नसलं तर आपल्यात साखर घालतात."

"आई, ती हसेल मला! वांग्याच्या सुरळ्या दिल्या तिने, आणि मी दोन महिन्यांनी साखर देऊ?"

"हसू दे की. हसायला तरी कोणी असू दे तुझ्याजवळ."

"बरं, उद्या देते."

"आत्ता जा."

"आत्ता तू आहेस ना फोनवर."

"मी नाहीये. मी निघाले. रुकसानाभाभींचा डबा पडलाय माझ्याकडे, तो द्यायचाय."

"मग जाऊन ये ना, मी थांबते."

"मला वेळ लागेल."

"चालेल. मी थांबते."

दीपमालाने तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत, अंगात अजून तो कोट. ही पोर अशीच थांबत राहील. रिकाम्या ओट्याकडे बघत थांबेल, कुकर मोजत थांबेल, आणि एक दिवस बॅगा भरून घरी येईल आणि इथे थांबेल. आपण 'बरं' म्हटलं की झालं.

"पूर्वा," ती म्हणाली, "मला करमतं गं तुझ्याशिवाय."

पूर्वाचा चेहरा थप्पड बसल्यासारखा झाला. ती काही बोलायच्या आत दीपमालाने लाल बटण दाबलं.

कट्ट्यावरचा डबा काढून तिने फडक्याने पुसला, त्यात साखर घातली, निम्मी ओट्यावर सांडली. तोवर फोन वाजायला लागला होता. तिने तो मिसळणाच्या डब्याला टेकून तसाच वाजू दिला, चपला पायात सरकवल्या आणि समोरची बेल वाजवली.

भाभींनी दार उघडलं. आधी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"या. डब्याला पाय फुटले म्हणायचे."

दीपमालाने डबा पुढे केला. भाभींनी झाकण उघडलं, आत डोकावलं.

"साखर? हलव्यात कमी पडली होती का?"

दीपमालाला हसायचं होतं, पण झालं भलतंच. दारातच तिला रडू फुटलं. भाभींनी एरवी त्यावरही काहीतरी तिखट सुनावलं असतं; आज त्यांनी तिचा दंड धरून तिला आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. दोन्ही दारं उघडीच राहिली होती. पलीकडे फोन वाजत होता.

"फोन वाजतोय तुमचा," भाभी म्हणाल्या.

"वाजू दे."

तो थांबला, परत वाजला, परत थांबला. मग वाजलाच नाही. वाजत होता तोवर दीपमाला घट्ट बसून होती; थांबल्यावर मात्र ती अर्धवट उठली. पूर्वा आत्ता काय करत असेल? रडत असेल का? दाराबाहेर पडली असेल? सप्टेंबरापासून पहिल्यांदाच तिला ते ठाऊक नव्हतं.

"बसा," भाभी म्हणाल्या. "चहा टाकलाय. साखर तुमचीच घातलीय, चव तरी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पूर्वाचा निरोप नाही. दीपमालाने तीनदा नंबर काढला आणि तीनदा मोबाईल पालथा ठेवला. फोन केला असता तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, आणि तसं व्हावं असं तिला फार वाटत होतं. संध्याकाळी दिवा लावला. सवयीने ती ओट्यापाशी उभी राहिली. साडेसहा झाले, सात झाले. कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत आणि डाळीचा पार गाळ झाला.

फोन आला तेव्हा पूर्वा जिना उतरत होती. डोक्याला लोकरीची टोपी, मागे कोणाकोणाचे आवाज.

"आई, दोनच मिनिटं हं. दिला डबा."

"साखर घालून?"

"घालून! आधी तासभर रडले मी, मग दिला. नीनोला काही कळेचना. तिला वाटलं, आमच्यात चहाला बोलवायची ही पद्धत आहे. तिने सगळ्यांना हाका मारल्या, मग मलाच चहा करावा लागला. आलं नव्हतं, नुसती वेलची. पाच जणी होतो. आता बाहेर चाललोय, नदी गोठलीय म्हणे, ती बघायला." दम घेऊन ती थांबली. आवाज एकदम लहान झाला. "आई, तू काल खरंच बोललीस का गं? तुला करमतं?"

"करमतं की."

"एकटी आहेस ना आत्ता? मी थांबू का? त्या होतील पुढे, मी नंतर जाईन. काही नाही त्यात."

दीपमालाने ओटा धरला. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द जिभेवर येऊन बसला होता आणि पोर जिन्यात उभी राहून त्याचीच वाट बघत होती.

"एकटी कुठे?" ती म्हणाली. "रुकसानाभाभी बसल्यात ना इथे."

"हो? दे ना त्यांना फोन."

"चहा पितायत त्या. जा तू. कानटोपी नीट घाल."

मागून नीनोने पूर्वाचं नाव घेतलं, चुकीच्या जागी जोर देऊन. पूर्वा हसली, "चल, ठेवते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. सप्टेंबरापासून आधी तिने ठेवलेला हा पहिलाच.

स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं. दीपमालाने डोळे पुसले, गाळ झालेली डाळ झाकली. लेकीशी आजवर ती खोटं बोलली नव्हती, आणि दोन दिवसांत दोनदा बोलून बसली होती. पहिल्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याचं होतं. तिने मोबाईल ओट्यावरच ठेवला, चहाचं आधण ठेवण्यापुरतं पातेलं खाली काढलं आणि समोर जाऊन रुकसानाभाभींची बेल वाजवली.